बंधन, मर्यादा आणि कैद: इंग्रजी शब्द निवडण्याची रीत

‘रिस्ट्रिक्ट’, ‘लिमिट’, ‘कन्फाइन’, ‘कन्स्ट्रेन’ आणि ‘रिस्ट्रेन’ ही पाच क्रियापदे इंग्रजी-मराठी शब्दकोशात पाहिली, तर ‘मर्यादा घालणे’, ‘रोखणे’, ‘आवरणे’ हे अर्थ आलटूनपालटून पाचही ठिकाणी सापडतात. त्यामुळे यांपैकी कोणताही शब्द कोठेही चालेल असा नवशिक्याचा समज होतो, आणि मग ‘ही वॉज लिमिटेड इन अ रूम’ यासारखी वाक्ये तयार होतात. ऐकणाऱ्याला आशय कळतो, पण शब्द चुकीच्या जागी बसला आहे हेही लगेच कळते. प्रत्येक शब्दाला एक मराठी प्रतिशब्द पाठ करण्याच्या सवयीतून ही चूक होते, म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये प्रतिशब्दांऐवजी काही प्रश्न दिले आहेत. ते प्रश्न विचारण्याची सवय लागली, की शब्द बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

पहिली पायरी: काय मोकळे उरले, ते ठरवा

कोणत्याही बंधनात एक भाग बंद होतो आणि बहुधा एक भाग मोकळा राहतो. मराठीत आपले लक्ष बंद झालेल्या भागाकडे जाते; इंग्रजीतील ही क्रियापदे मात्र अनेकदा मोकळ्या भागावर बोट ठेवतात. म्हणून शब्द निवडण्याआधी उरलेल्या मोकळिकीचे स्वरूप पाहावे.

मोकळीक मोजता येण्याजोगी असेल, म्हणजे प्रश्न संख्येचा, वजनाचा, वेगाचा, वेळेचा किंवा रकमेचा असेल, तर शब्द ‘लिमिट’. ‘ईच मेंबर इज लिमिटेड टू फोर बुक्स’ या वाक्यात चार पुस्तकांपर्यंत कोणतीही आडकाठी नाही. पाचवे मागितले की रेषा आडवी येते. ‘स्पीड लिमिट’, ‘एज लिमिट’, ‘टाइम लिमिट’ हे सारे याच जातीचे आहेत. ‘लिमिटेड कंपनी’ या नावातही कंपनी लहान असल्याची सूचना नसून, भागधारकांचे देणेदायित्व ठरावीक रकमेपुरते असल्याचा अर्थ आहे. वरची कमाल रेषाच सांगायची असेल, तर ‘कॅप’ आणि ‘सीलिंग’ हे आटोपशीर शब्द आहेत आणि पैशाच्या संदर्भात ते फार वापरले जातात. मात्र किमान मर्यादेला ‘कॅप’ म्हणता येत नाही.

मोकळीक अटीवर असेल, म्हणजे कोणाला, केव्हा, कोणत्या कारणासाठी हे कोणीतरी ठरवत असेल, तर शब्द ‘रिस्ट्रिक्ट’. त्यामागे नियम असतो आणि नियमामागे अधिकार असतो. ‘लिमिटेड ॲक्सेस टू क्लीन वॉटर’ म्हणजे स्वच्छ पाणी पुरेसे मिळत नाही. कारण दुष्काळही असू शकतो. ‘रिस्ट्रिक्टेड ॲक्सेस’ म्हणजे कोणी आत जायचे हे कोणीतरी ठरवले आहे. एवढा फरक लक्षात ठेवला, तरी लेखनातील बऱ्याच चुका टळतात.

मोकळीक एखाद्या हद्दीच्या आत असेल, तर शब्द ‘कन्फाइन’. हद्द किंवा शेवट या अर्थाचा ‘फिनिस’ हा लॅटिन शब्द त्याच्या पोटात आहे, आणि तोच ‘फायनाइट’ व ‘डिफाइन’ यांतही आहे. ही हद्द भिंतीचीच असावी असे नाही. ‘द फायर वॉज कन्फाइन्ड टू द किचन’ या वाक्यात आग स्वयंपाकघरापुरती राहिली, एवढेच सांगितले आहे. ‘कन्फाइन युवर रिमार्क्स टू द फॅक्ट्स’ यात हद्द विषयाची आहे. ‘कन्फाइन्ड स्पेस’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरावा. बोलताना त्याचा अर्थ अडचणीची जागा असा होतो, पण औद्योगिक सुरक्षेच्या भाषेत तो टाक्या, गटारे, धान्याची कोठारे अशा बंदिस्त व धोकादायक जागांसाठीचा पारिभाषिक शब्द आहे. ब्रिटनमध्ये 1997 साली त्यासाठी त्याच नावाचे स्वतंत्र नियम करण्यात आले. कारखान्यातील कामाच्या संदर्भात ‘लहान खोली’ म्हणायची असेल, तर ‘स्मॉल रूम’ असेच म्हणावे.

काहीच मोकळे उरत नसेल, तर ‘प्रोहिबिट’, ‘बॅन’ किंवा ‘फॉरबिड’. ‘प्रोहिबिट’ कायद्याच्या आणि नियमावलीच्या भाषेतला आहे; अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूचे उत्पादन व विक्री बंद होती, त्या कालखंडालाच ‘प्रोहिबिशन’ हे नाव पडले. ‘बॅन’ हा तोच अधिकार आखूड शब्दात सांगतो, म्हणून बातम्यांच्या मथळ्यांना तो प्रिय आहे. ‘फॉरबिड’मध्ये माणसाचा अधिकार अधिक जाणवतो: आईवडील, गुरू, धर्म, परंपरा. त्याचे भूतकाळी रूप ‘फॉरबेड’ आणि कर्मणी रूप ‘फॉरबिडन’ आहे. ‘फॉरबिडेड’ असे रूप नाही.

दुसरी पायरी: बंधन कोठून येते, ते पाहा

लॅटिनमध्ये ‘स्ट्रिंगेरे’ म्हणजे आवळणे. या एका धातूने इंग्रजीला ‘स्ट्रिक्ट’, ‘रिस्ट्रिक्ट’, ‘रिस्ट्रेन’, ‘कन्स्ट्रेन’, ‘कन्स्ट्रिक्ट’, ‘स्ट्रिंजंट’ आणि ‘स्ट्रेट’ असे सारे कुटुंब दिले. यातला शेवटचा ‘स्ट्रेट’ म्हणजे सरळ नव्हे. तो सामुद्रधुनीसाठीचा शब्द आहे, अरुंद आणि आवळलेली पाण्याची वाट. उच्चार सारखाच असल्यामुळे ‘स्ट्रेटजॅकेट’ या शब्दाच्या लेखनात सरळ या अर्थाच्या ‘स्ट्रेट’चे स्पेलिंग सर्रास घुसते. मूळ स्पेलिंगमध्ये ‘जी-एच’ नाही, कारण तेथे अर्थ घट्ट आवळलेले जाकीट असा आहे.

‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘रिस्ट्रेन’ हे तर एकाच लॅटिन क्रियापदाचे दोन वंशज आहेत. पहिला थेट लॅटिनमधून घेतला गेला, दुसरा जुन्या फ्रेंचमधून वळसा घेऊन आला, आणि वाटेत दोघांची कामे वाटली गेली. ‘रिस्ट्रिक्ट’ नियमाने बांधतो. ‘रिस्ट्रेन’ बळाने आवरतो. ‘टू ऑफिसर्स रिस्ट्रेन्ड हिम’ म्हणजे दोन अधिकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले. हेच बळ माणूस स्वतःवर वापरतो तेव्हा ‘रिस्ट्रेंट’ हा गुण ठरतो: ‘शी शोड ग्रेट रिस्ट्रेंट’ म्हणजे तिने मोठा संयम दाखवला. एकाच नामात हातकडी आणि संयम दोन्ही राहू शकतात, ही गोष्ट मला या साऱ्या शब्दसंग्रहात सर्वांत रंजक वाटते. ‘रिस्ट्रेनिंग ऑर्डर’ मात्र न्यायालयाचा आदेश आहे. एखाद्या व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीपासून दूर राहावे किंवा तिच्याशी संपर्क करू नये, असे त्यात बजावलेले असते.

‘कन्स्ट्रेन’मध्ये कोणी धरून ठेवलेले नसते, परिस्थितीच हात बांधते. ‘वी आर कन्स्ट्रेन्ड बाय द बजेट’, ‘ड्यू टू टाइम कन्स्ट्रेंट्स’ ही कार्यालयीन इंग्रजीतील रोजची वाक्ये आहेत. ‘कन्स्ट्रिक्ट’ यापेक्षा शब्दशः आवळणारा आहे आणि तो नळी, घसा, रक्तवाहिनी यांसाठी वापरतात. भक्ष्याला विळखा घालून मारणाऱ्या सापाला ‘कन्स्ट्रिक्टर’ म्हणतात तो याच अर्थाने.

नामे निवडताना हा भेद आणखी उपयोगी पडतो. ‘लिमिट’ म्हणजे रेषा, पण ‘लिमिटेशन’ म्हणजे बहुधा उणीव. ‘एव्हरी मेथड हॅज इट्स लिमिटेशन्स’ याचा अर्थ प्रत्येक पद्धतीत काही ना काही कमी असतेच. ‘रिस्ट्रिक्शन’ म्हणजे घातलेला नियम आणि ‘कन्स्ट्रेंट’ म्हणजे परिस्थितीची अडचण. अर्जात किंवा अहवालात वेळ पुरला नाही हे सांगताना ‘टाइम रिस्ट्रिक्शन’ लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी वेळेचा नियम लावला होता. ‘टाइम कन्स्ट्रेंट’ लिहिले, तर वेळ कमी पडला एवढेच कळते.

तिसरी पायरी: ‘टू’ की ‘फ्रॉम’, हे शब्दाबरोबरच शिका

मराठी भाषकाची खरी अडचण येथे आहे, आणि केवळ अर्थ पाठ करून ती सुटत नाही. ‘लिमिट’, ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कन्फाइन’ यांच्यानंतर येणारा ‘टू’ मोकळ्या भागाकडे नेतो: ‘कन्फाइन्ड टू बेड’ म्हणजे अंथरुणापुरता. उलट ‘प्रोहिबिट’, ‘बॅन’, ‘बार’, ‘प्रिव्हेंट’ आणि ‘स्टॉप’ यांच्यानंतर येणारा ‘फ्रॉम’ बंद भागाकडे नेतो: ‘बॅन्ड फ्रॉम द क्लब’ म्हणजे क्लबात प्रवेशच नाही. ‘एंट्री इज रिस्ट्रिक्टेड टू मेंबर्स’ आणि ‘मेंबर्स आर बार्ड फ्रॉम एंटरिंग’ या दोन वाक्यांत सभासदांची स्थिती अगदी उलट आहे, आणि त्यातली निम्मी खूण त्या छोट्या शब्दात आहे.

यानंतर क्रियापदाचे रूप येते. ‘फ्रॉम’नंतर नेहमी ‘-इंग’ रूप येते: ‘द रूल प्रोहिबिट्स व्हिजिटर्स फ्रॉम टेकिंग फोटोग्राफ्स’. ‘प्रोहिबिट्स व्हिजिटर्स टू टेक’ ही रचना आजच्या प्रमाण इंग्रजीत चूक ठरते. ‘फॉरबिड’ मात्र वेगळ्या चालीचा आहे. त्याच्यामागे परंपरेने ‘टू’ आणि मूळ क्रियापद येते: ‘शी फॉरबेड देम टू लीव्ह’. ‘प्रिव्हेंट’ आणि ‘स्टॉप’ यांच्यानंतरचा ‘फ्रॉम’ ब्रिटिश इंग्रजीत गाळलेला दिसतो, अमेरिकी इंग्रजीत ‘प्रिव्हेंट’नंतर तो सहसा ठेवतात. नवशिक्याने तो ठेवलेला बरा, कारण तो ठेवल्याने दोन्ही ठिकाणी वाक्य शुद्धच राहते.

ही सवलत ‘कीप’ला लावू नये. ‘कीप हिम फ्रॉम वर्किंग’ म्हणजे त्याला काम करू देऊ नका, आणि ‘कीप हिम वर्किंग’ म्हणजे त्याला कामाला लावून ठेवा. येथे ‘फ्रॉम’ गळला की वाक्याचा अर्थच उलटतो. ‘स्टॉप’च्या बाबतीतही असेच एक वळण आहे: ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले, तर ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे धूम्रपान करण्यासाठी तो थांबला.

चौथी पायरी: कायद्यातील कैदेचे टप्पे क्रमाने लावा

अटकेपासून सुटकेपर्यंतचे शब्द सुटे पाठ केले, तर त्यांची गल्लत होते. घटनाक्रमात लावले, तर होत नाही. प्रथम पोलीस एखाद्याला ‘डिटेन’ करतात, म्हणजे थांबवून ठेवतात. त्यासाठी आरोप असावाच असे नाही. हा शब्द सौम्यही होऊ शकतो: ‘आय वोन्ट डिटेन यू’ म्हणजे तुमचा फार वेळ घेणार नाही. पुढे कायदेशीर अटक झाली की ‘अरेस्ट’. त्याचा मूळ अर्थ थांबवणे असा आहे, म्हणूनच हृदयक्रिया थांबणे याला ‘कार्डियाक अरेस्ट’ म्हणतात. अटकेनंतर माणूस ‘इन कस्टडी’ असतो. ‘कस्टडी’चा मूळ भाव सांभाळणे हा आहे, त्यामुळे घटस्फोटानंतर मुलाचा ताबा सांगतानाही हाच शब्द येतो आणि तेथे गुन्ह्याचा वासही नसतो. खटल्याची वाट पाहत कोठडीत असलेला माणूस ब्रिटिश इंग्रजीत ‘ऑन रिमांड’ असतो, आणि जामिनावर सुटलेला ‘आउट ऑन बेल’.

शिक्षा झाल्यानंतर ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ यांतील निवड येते. रोजच्या बोलण्यात दोन्ही चालतात. अमेरिकी व्यवस्थेत मात्र ‘जेल’ स्थानिक असते व तेथे खटल्याची वाट पाहणारे किंवा सामान्यतः एक वर्षापर्यंतची शिक्षा झालेले लोक असतात, तर ‘प्रिझन’ राज्याचे किंवा संघराज्याचे असते व तेथे मोठ्या शिक्षा भोगल्या जातात. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत ‘जी-ए-ओ-एल’ अशी अक्षरे दिसली तर गोंधळू नये. उच्चार ‘जेल’ हाच आहे. हा शब्द आणि ‘केज’ हे दोन्ही पिंजरा या अर्थाच्या ‘काव्हेआ’ या लॅटिन शब्दापर्यंत जातात.

उपपदाकडेही लक्ष द्यावे. कैदी ‘इन प्रिझन’ असतो. त्याला भेटायला गेलेला भाऊ किंवा नळ दुरुस्त करायला आलेला कारागीर ‘इन द प्रिझन’ असतो. ‘द’ आला की इमारत, आणि गळला की शिक्षा.

तुरुंगात टाकणे यासाठी ‘लॉक अप’, ‘इम्प्रिझन’ आणि ‘इन्कार्सरेट’ असे तीन थर आहेत. पहिला अस्सल इंग्रजी वळणाचा व बोलीतला, दुसरा 1066 च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आलेल्या शब्दांच्या लाटेतला, तिसरा सरळ लॅटिन आणि म्हणून सर्वांत औपचारिक. मित्राशी बोलताना तिसरा आणि शोधनिबंधात पहिला वापरला, तर दोन्ही ठिकाणी शब्द खटकेल.

शिक्षेच्या शेवटाकडील दोन शब्दांची गल्लत फार होते. ‘प्रोबेशन’ म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याची मुभा. ‘परोल’ म्हणजे शिक्षेचा काही भाग तुरुंगात भोगल्यानंतर अटींवर मिळालेली सुटका. नोकरीतील उमेदवारीच्या काळालाही ‘प्रोबेशन’ म्हणतात, ही आणखी एक गंमत.

ठळक उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवली की बाकीचे शब्द पक्के होतात. गॅलिलिओला 1633 साली शिक्षा झाली आणि 1642 मध्ये मृत्यू होईपर्यंत तो ‘अंडर हाउस अरेस्ट’ होता, म्हणजे नजरकैदेत. नेल्सन मंडेला 27 वर्षे ‘इम्प्रिझन्ड’ होते, त्यांपैकी 18 वर्षे रॉबेन बेटावर. संयुक्त राष्ट्रसंघाने 2015 मध्ये कैद्यांना द्यायच्या वागणुकीचे जे सुधारित नियम स्वीकारले, त्यांना मंडेलांचे नाव आहे. दिवसातील 22 किंवा त्याहून अधिक तास अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणे म्हणजे ‘सॉलिटरी कन्फाइनमेंट’, आणि असे सलग 15 दिवसांपेक्षा जास्त चालले तर ते ‘प्रोलाँग्ड’, अशी व्याख्या त्या नियमांत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना खटल्याविना छावण्यांत ठेवले; त्याला प्रचलित इंग्रजीत ‘इंटर्नमेंट’ म्हणतात. या अर्थाच्या ‘इंटर्न’ क्रियापदात आघात, म्हणजे उच्चारातील जोर, शब्दाच्या दुसऱ्या अवयवावर (उच्चारखंडावर) येतो, तर प्रशिक्षणार्थी या अर्थाच्या नामात पहिल्यावर. ‘कन्व्हिक्ट’चेही तसेच: आघात पहिल्या अवयवावर असेल तर शिक्षा झालेला कैदी, दुसऱ्यावर असेल तर दोषी ठरवणे.

पाचवी पायरी: आजारपण आणि साथीचे शब्द वेगळे ठेवा

‘आयसोलेशन’ आजारी माणसासाठी असते, ‘क्वॉरंटीन’ संसर्गाची शंका असलेल्या पण अद्याप आजारी नसलेल्या माणसासाठी. आजच्या क्रोएशियातील दुब्रोवनिक, म्हणजे तेव्हाचे रागुझा, येथे 1377 साली साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना 30 दिवस वेगळे ठेवण्याचा नियम झाला. पुढे हा काळ 40 दिवसांचा झाला आणि चाळीस या अर्थाच्या व्हेनेशियन शब्दावरून ‘क्वॉरंटीन’ हे नाव पडले. ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबाभोवती अमेरिकी नौदलाने घेरा घातला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्याला ‘ब्लॉकेड’ न म्हणता ‘क्वॉरंटीन’ म्हटले, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘ब्लॉकेड’ ही युद्धाची कृती मानली जाते. शब्दाची निवड किती गंभीर असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

‘लॉकडाउन’ हा अमेरिकी तुरुंगांत कैद्यांना कोठड्यांत बंद करून ठेवण्यासाठी रूढ झालेला शब्द. 2020 साली तो साऱ्या जगाच्या तोंडी गेला आणि कॉलिन्स शब्दकोशाने त्याला त्या वर्षाचा शब्द ठरवले. ‘कर्फ्यू’ ठरावीक तासांपुरता असतो, आणि ‘आग झाका’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून तो आला आहे.

आजारामुळे घराबाहेर पडू न शकणारा माणूस ‘हाउसबाउंड’, अंथरुणाला खिळलेला ‘बेडरिडन’. ‘व्हीलचेअर-बाउंड’ हा शब्द मात्र टाळावा. चाकांची खुर्ची माणसाला बांधत नाही, फिरवते. म्हणून ‘व्हीलचेअर यूजर’ असे म्हणणे आज योग्य मानले जाते. जुन्या कादंबऱ्यांत ‘हर कन्फाइनमेंट’ असे आले, तर तेथे कैद नसून बाळंतपण आहे.

सहावी पायरी: अडथळा आला की वाट पूर्ण बंद झाली, हे पाहा

‘हिंडर’, ‘हॅम्पर’ आणि ‘इम्पीड’ यांत गती मंदावते, काम अवघड होते, पण चालू राहू शकते. ‘इम्पीड’च्या मुळाशी पायात बेडी अडकवण्याची कल्पना आहे. ‘प्रिव्हेंट’मध्ये काम होतच नाही. ‘हेवी रेन हॅम्पर्ड द रेस्क्यू’ म्हणजे बचावकार्यात पावसाने अडचण आणली. ‘प्रिव्हेंटेड’ लिहिले तर बचावकार्य झालेच नाही असा अर्थ होईल. बातमीचे भाषांतर करणाऱ्यांनी हा फरक विशेष जपावा. ‘ऑब्स्ट्रक्ट’मध्ये आडवे काहीतरी उभे असते, मग ते झाड असो किंवा माणूस, ‘इनहिबिट’ रसायनशास्त्रात व मानसशास्त्रात जास्त भेटतो. ‘कर्ब’ आणि ‘रेन इन’ हे दोन्ही घोड्याच्या लगामावरून आले असल्यामुळे, आधीच उधळलेल्या गोष्टीला ते शोभतात: महागाई, खर्च, प्रदूषण.

नुसते अडकणे सांगताना तीन शब्दांतून निवड करावी लागते. वाट बंद होऊन माणूस आत कोंडला गेला तर ‘ट्रॅप्ड’: चिलीमध्ये 2010 साली 33 खाणकामगार 69 दिवस जमिनीखाली ‘ट्रॅप्ड’ होते. माणूस मोकळा आहे पण पुढे जायला साधन नाही, तर ‘स्ट्रँडेड’: त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमाने ‘ग्राउंडेड’ झाली आणि प्रवासी जगभरच्या विमानतळांवर ‘स्ट्रँडेड’ झाले. वस्तू किंवा माणूस हलत नाही एवढेच सांगायचे असेल, तर ‘स्टक’: मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस ‘स्टक’ होते, आणि मागची जहाजे ‘हेल्ड अप’ झाली होती.

सातवी पायरी: पाट्या वाचा, पण बोलताना पाटीची भाषा वापरू नका

‘नो ॲडमिटन्स’, ‘ऑथराइज्ड पर्सोनेल ओन्ली’, ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’ ही पाट्यांची इंग्रजी आहे. ‘स्मोकिंग इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’ हे भिंतीवर शोभते. समोरच्या माणसाला मात्र ‘आय ॲम अफ्रेड यू कान्ट स्मोक हिअर’ असे सांगावे. एखादी जागा वर्ज्य आहे हे सांगायला अमेरिकी ‘ऑफ लिमिट्स’ म्हणतात, ब्रिटिश ‘आउट ऑफ बाउंड्स’.

येथेच मनाई आणि अनावश्यकता यांची गल्लत होते. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येण्यास मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे आला नाहीत तरी चालेल. मराठीत ‘तुम्ही यायला नको’ हे वाक्य संदर्भानुसार दोन्हीकडे झुकू शकते. इंग्रजीत पाहुण्याला चुकून पहिले वाक्य म्हटले, तर त्याचा अपमान होईल.

आठवी पायरी: उलट अर्थाचे सापळे ओळखून ठेवा

‘सँक्शन’ एकवचनी असेल तर बहुधा मंजुरी, आणि ‘सँक्शन्स’ असे अनेकवचन एखाद्या देशाच्या संदर्भात असेल तर आर्थिक निर्बंध. ‘लेट’ म्हणजे करू देणे. पण ब्रिटिश पासपोर्टवरील ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ या शब्दांत ‘लेट’चा अर्थ अडथळा असा आहे, कारण तेथे त्याच उच्चाराचा एक वेगळा जुना शब्द टिकून राहिला आहे. ‘बाउंड बाय अ काँट्रॅक्ट’ म्हणजे कराराने बांधलेला, ‘बाउंड टू विन’ म्हणजे जिंकणारच, आणि ‘बाउंड फॉर लंडन’ म्हणजे लंडनला निघालेला. ‘आय ॲम टाइड अप’ असे सहकाऱ्याने फोनवर सांगितले, तर पोलिसांना कळवण्याची गरज नाही. तो कामात आहे.

बंधनाबरोबर येणारी क्रियापदेही जोडीने शिकावीत. निर्बंध ‘इम्पोज’ करतात, ‘टायटन’ करतात, ‘ईझ’ किंवा ‘रिलॅक्स’ करतात आणि शेवटी ‘लिफ्ट’ करतात. नियम ‘ब्रेक’ किंवा ‘व्हायोलेट’ करतात. कैद्याला ‘रिलीज’ किंवा ‘फ्री’ करतात. ‘रिस्ट्रिक्शन्स वेअर रिलीज्ड’ असे लिहिले, तर निर्बंध उठवले गेले नसून प्रसिद्ध केले गेले, असा भलताच अर्थ निघू शकतो.

नववी पायरी: वहीत शब्द नको, वाक्य लिहा

नवीन शब्द भेटला की तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य उतरवून घ्यावे, त्यातील ‘टू’ किंवा ‘फ्रॉम’ अधोरेखित करावा, आणि शेजारी दोनच गोष्टी मराठीत लिहाव्यात: बंधन कोणी घातले आणि काय मोकळे राहिले. मराठी प्रतिशब्द लिहायचाच असेल, तर तो सर्वांत शेवटी लिहावा. अर्थ पडताळण्यासाठी विद्यार्थ्यांकरिता केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरावा, कारण त्यात क्रियापदाची रचना उदाहरणासह दिलेली असते. आठवड्याने वहीतील इंग्रजी वाक्य झाकून, मराठी टिपणावरून ते पुन्हा लिहून पाहावे.

सरावासाठी पुढील चार वाक्ये प्रथम स्वतः इंग्रजीत करावीत आणि मगच उत्तरे पाहावीत. एक: पूर आल्यामुळे आम्ही दोन दिवस स्थानकावर अडकून पडलो. दोन: डॉक्टरांनी तिला मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंतच घ्यायला सांगितले. तीन: निधी अपुरा असल्यामुळे संशोधनात अडचणी आल्या. चार: या खोलीत फक्त परिचारिकांना प्रवेश आहे.

पहिल्यात पुढे जायला साधन नव्हते, पण कोणी कोंडले नव्हते, म्हणून ‘वी वेअर स्ट्रँडेड ॲट द स्टेशन फॉर टू डेज’. दुसऱ्यात प्रमाण मोजलेले आहे, म्हणून ‘द डॉक्टर टोल्ड हर टू लिमिट हर सॉल्ट टू फाइव्ह ग्रॅम्स अ डे’. तिसऱ्यात संशोधन थांबले नाही, रखडले, म्हणून ‘द रिसर्च वॉज हॅम्पर्ड बाय अ लॅक ऑफ फंड्स’. येथे ‘कन्स्ट्रेन्ड’ही चालेल, ‘प्रिव्हेंटेड’ चालणार नाही. चौथ्यात कोणी आत जायचे ते ठरवणारा नियम आहे, म्हणून ‘एंट्री टू धिस रूम इज रिस्ट्रिक्टेड टू नर्सेस’. या शेवटच्या वाक्यातील दोन ‘टू’ एकसारखे नाहीत: पहिला ‘एंट्री’चा आहे आणि खोलीकडे नेतो, दुसरा ‘रिस्ट्रिक्टेड’चा आहे आणि ज्यांना मोकळीक उरली आहे त्यांच्याकडे.